नियमशास्त्रातल्या आज्ञा आज कशा पाळायच्या? सुरुवात गल्ल्यापासून करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरातल्या एका ख्रिस्ती मंडळीत अनुवादाच्या पुस्तकावर (बायबलमधल्या मोशेच्या पाच पुस्तकांतलं शेवटचं) शिकवण चालू आहे आणि तिच्यावरून दोन तट पडले आहेत. एक गट म्हणतो, आपण कृपेखाली आहोत, मोशेच्या नियमशास्त्राशी आपला संबंध संपला. दुसऱ्या गटानं शनिवार पाळायला घेतला आहे आणि रक्ती-मुंडी (बकऱ्याचं शिजवलेलं रक्त आणि डोकं) बंद केली आहे. विचारणाऱ्या बंधूंचं लक्ष्मीपुरीत धान्य-गुळाचं दुकान आहे, करवीर तालुक्यात दोन एकर शेत आहे. त्यांना एवढंच कळायला हवंय की सोमवार ते शनिवार नेमकं काय पाळायचं आणि कसं.

आधी शब्दापासून सुरू करतो, कारण इथं मराठी माणसाला एक सोय आहे. 'पोरगं ऐकत नाही' असं आपण म्हणतो तेव्हा त्याच्या कानांची तक्रार नसते. सांगितलेलं करत नाही, असा अर्थ असतो. हिब्रूतला 'शमा' हा शब्द तसाच आहे. अनुवाद ६:४ मध्ये 'हे इस्राएला, ऐक' असं जे येतं त्यात ऐकणं आणि मानणं वेगळं काढता येत नाही, आणि आज्ञा मानण्यासाठी जुन्या करारात बहुतेक ठिकाणी हाच शब्द वापरलेला आहे. हे आज्ञापालन केव्हा सुरू होतं तेही पाहा. मिसरातून सुटलेल्या इस्राएलानं समुद्र ओलांडला निर्गमाच्या १४व्या अध्यायात, दहा आज्ञा आल्या २०व्या अध्यायात, आणि त्यांचं पहिलं वाक्य 'मी तुला दास्यातून बाहेर काढलं' हे आहे. म्हणजे सुटका आधी, आज्ञा नंतर. तारण मिळवण्यासाठी आज्ञा पाळणारा माणूस हे पुस्तक उलटीकडून वाचतो. आणि सुटका झाली म्हणून आज्ञा गुंडाळून ठेवणारा १४व्या अध्यायातच थांबतो.

काय मागे पडलं, ते पटकन सांगतो. यज्ञ आणि याजकपण ख्रिस्तात पूर्ण झालं, असं इब्री लोकांस पत्र सांगतं. सुंतेबद्दलचा निर्णय प्रेषितांच्या कृत्यांच्या १५व्या अध्यायात आहे, खाण्याच्या शुद्ध-अशुद्धतेबद्दल मार्क ७ आणि प्रेषित १० स्पष्ट आहेत. १८५२ मध्ये मिशनरी रॉयल वाइल्डर कोल्हापुरात आले; त्यांनी सुरू केलेलं काम पुढं प्रेस्बिटेरियन परंपरेच्या मिशनकडे गेलं. त्या परंपरेच्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्रात, म्हणजे १६४०च्या दशकात, नियमशास्त्राचे नैतिक, विधीविषयक आणि न्यायविषयक असे तीन भाग मांडलेले आहेत. न्यायविषयक कायदे इस्राएल राष्ट्राबरोबर संपले, पण त्यांच्या पोटातलं न्यायतत्त्व उरतं, असं तिथं म्हटलं आहे. शिकवायला ही विभागणी सोयीची आहे. फक्त तिचा खोका करू नका. लेवीय १९ उघडा: एका ओळीत शेजाऱ्यावर प्रीती, तिच्याच पुढच्या ओळीत दोन प्रकारच्या धाग्यांचं कापड. मोशेनं रकाने पाडले नव्हते, त्यामुळे प्रत्येक आज्ञेपाशी थांबून विचार करावाच लागतो.

तो विचार करायची पद्धत अशी. आठवड्याला एकच उतारा घ्या, पाच ते दहा ओळींचा, आणि वहीत चार प्रश्नांची उत्तरं लिहा. या आज्ञेनं कोणाला राखलं? कोणाचा हात आवरला? मजकुरात कारण दिलं आहे का? ('तूही मिसरात दास होतास' हे कारण अनुवादात पुन्हा पुन्हा येतं.) ख्रिस्तानं किंवा प्रेषितांनी ही आज्ञा कुठं घेतली, वाढवली की बाजूला ठेवली? चारही लिहून झाली की पाचवी ओळ: माझ्या या आठवड्यात त्या राखलेल्या माणसाच्या जागी कोण उभं आहे? तिथं माणसाचं नाव, रक्कम किंवा वस्तू, आणि वार लिहायचा. 'मी जास्त प्रेमळ होईन' असं लिहिलंत तर उतारा पुन्हा वाचा, कारण नियमशास्त्र एवढं मोघम बोलत नाही.

बहुतेकांची चूक होते ती निवडीत. शनिवार, झालर, रक्ती, डुक्कर यांच्यावर वाद चढतो, कारण त्यात खिशाला चाट बसत नाही. लेवीय १९, निर्गम २२-२३ आणि अनुवाद २४-२५ सलग वाचा आणि मोजा: मजुरी, वजन, कर्ज, गहाण, साक्ष, लाच, सरवा (कापणीनंतर शेतात राहिलेलं धान्य). शास्त्र ज्या विषयावर इतक्या दाटपणे बोलतं तिथूनच सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे. दुकानदाराला तर दुसरीकडे जायचं कारणच नाही.

मजुरीपासून बघू. अनुवाद २४:१४-१५ आणि लेवीय १९:१३ सांगतात की मजुराची मजुरी रात्रभर तुझ्याजवळ राहू देऊ नको, सूर्य मावळायच्या आत दे. तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या पैशात अडकलेला असतो. याकोब ५:४ हेच उचलतो, म्हणजे ही आज्ञा नव्या करारात जशीच्या तशी आली. तुमच्याकडे भांगलणीला बायका येतात. त्यांची मजुरी 'बाजारादिवशी देतो' म्हणून चार दिवस लांबते. इथं पाळायचं ते असं: रोजावर बोललं असेल तर पैसे त्याच संध्याकाळी बांधावर. त्यासाठी आदल्या दिवशीच सुटे काढून ठेवा. बहुतेक उशीर मनाच्या वाईटपणानं होत नाही, सुटे नसतात म्हणून होतो. आठवड्यावर बोललं असेल तर ठरलेला वार चुकवू नका. वेतन संहिता, २०१९ सुद्धा रोजंदारीचे पैसे पाळी संपताना द्यायला सांगते. दुकानातल्या हमालाला उचल दिली असेल तर ती लिहून दोघांकडे एकेक कागद असू द्या, आणि ती एका दमात कापू नका. सगळी कापलीत तर त्या आठवड्याला त्याचं सूप रिकामंच राहतं. अनुवाद २४:१४ 'तुझा भाऊ असो की उपरा' असं मुद्दाम म्हणतं. ऊसतोडीची टोळी बाहेरच्या जिल्ह्यातून येते. मुकादमाशी व्यवहार चोख केला म्हणजे टोळीचं देणं फिटलं, असं समजू नका. खोपीत पाणी कुठून येतं हेही एकदा जाऊन बघा.

वजनांचं बोलू. अनुवाद २५:१३ मध्ये मूळ शब्द 'धोंडा आणि धोंडा' असे आहेत: पिशवीत एक जड वजन घ्यायला, एक हलकं द्यायला. आजच्या काट्यावर तो दुसरा धोंडा कुठं लपतो? काटा शून्यावर नसताना माल टाकण्यात. पिशवीचं, पुठ्ठ्याचं वजन मालात धरण्यात. शेतकऱ्याकडून घेताना कडता (ओल-मातीच्या नावानं वजनात धरलेली घट) कापायचा आणि गिऱ्हाइकाला देताना काटेकोर तोलायचं, यात तर दोन्ही धोंडे एकाच दुकानात आले. करायचं ते सोपं आहे. इलेक्ट्रॉनिक काट्याची दर १२ महिन्यांनी वैधमापन खात्याकडून पडताळणी होते, तिचं प्रमाणपत्र दिसेल असं लावा. रोज सकाळी गल्ला उघडताना प्रमाणित १ किलोचं वजन ठेवून बघा आणि वहीत टिंब मारा. काट्याचा आकडा गिऱ्हाइकाकडे वळवा. कडता घ्यायचाच असेल तर कशाचा, किती, हे माल उतरायच्या आधी बोला, आणि ओल किंवा माती खरोखर असेल तेवढाच घ्या. लेवीय १९:३६ मध्ये 'खरा एफा' म्हटलं आहे. एफा हे सुमारे २२ लिटरचं धान्याचं माप. आज्ञा इतकी जमिनीवरची आहे.

गुळात हीच गोष्ट मापाऐवजी नावात होते. साखर मिसळलेला गूळ चांगला पिवळाधमक दिसतो आणि विकलाही जातो; दुसरीकडचा गूळ 'कोल्हापुरी' म्हणून जातो. लेवीय १९:११ 'फसवू नका' म्हणतं तेव्हा काट्यावर बरोबर उतरलेली ढेपही त्यात येते. पाटीवर गावाचं आणि प्रकाराचं खरं नाव लिहा. विक्री थोडी घटेल. ती घट हाच इथं आज्ञापालनाचा खर्च आहे, आणि तो वर्षाच्या हिशेबात धरून चाला.

शेताची आज्ञा आपल्या भाषेत अजून जिवंत आहे: सरवा. लेवीय १९:९-१०, २३:२२ आणि अनुवाद २४:१९-२२ सांगतात की शेताचे कोपरे कापू नका, पडलेलं वेचू नका, विसरलेली पेंढी आणायला परत जाऊ नका. कोपरा किती हे तोरामध्ये, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांत, लिहिलेलं नाही. मिश्ना या यहुदी नियमसंग्रहातल्या 'पेआ' या भागात साठाव्या हिश्शापेक्षा कमी नको, असं ठरवलं आहे. एकराला तो ७२६ चौरस फूट येतो, म्हणजे गुंठ्याचे दोन तृतीयांश. दोन एकरांत सव्वा गुंठ्याहून थोडं जास्त. भुईमूग काढल्यावर शेंगांचा सरवा, भाताच्या लोंब्या, हे सरळ लागू पडतं. उसाला सरवा नाही, पण वाढं (उसाचा हिरवा शेंडा) आहे. ज्याच्याकडे म्हैस आहे आणि शेत नाही, त्याला नेऊ द्या. पगारदार माणसानं हाच साठावा हिस्सा काढला तर ३०,००० रुपयांवर ५०० होतात. दशमांशाखेरीज. या आज्ञेचा गाभा मात्र आकड्याच्याही पलीकडे आहे: घेणारा स्वतः येतो, वेचतो, आणि हात पसरत नाही. म्हणून वाटप करून फोटो काढणं सरव्यात बसत नाही. शेतकऱ्यानं 'उद्यापासून बांध मोकळा आहे' एवढं सांगावं आणि तिथून निघून जावं.

उधारी आणि गहाण. निर्गम २२:२५ मधली व्याजबंदी 'तुझ्याजवळच्या गरिबा'बद्दल आहे. घरात आजार आहे म्हणून भावानं हातउसने मागितले तर त्यावर व्याज नाही. त्यानं धंदा वाढवायला भांडवल मागितलं तर ती गोष्ट वेगळी, तिथं लेखी करार करा. आणि व्याजानं पैसे लावणं हाच धंदा करायचा असेल तर महाराष्ट्रात २०१४च्या सावकारी कायद्याखाली परवाना लागतो. गहाणाबद्दल तोराची नजर फार बारीक आहे. अनुवाद २४:६ जातं किंवा त्याची वरची तळी गहाण घेऊ देत नाही, कारण ते माणसाच्या पोटाचं साधन. आज शिलाई मशीन, रिक्षाची कागदपत्रं, हमालाची हातगाडी या जागी येतात. अनुवाद २४:१०-११ सांगतं की गहाण आणायला त्याच्या घरात शिरू नको, बाहेर उभा राहा, तो आणून देईल. थकलेली उधारी मागायला जाताना हे शब्दशः पाळता येतं. उंबऱ्याबाहेर उभं राहायचं, बायका-पोरांसमोर आवाज चढवायचा नाही, मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नाव टाकायचं नाही.

अनुवाद २२:८ मधला कठडा मला विशेष महत्त्वाचा वाटतो, कारण तिथं अजून कोणी पडलेलं नाही. नवं घर बांधताना गच्चीला कठडा कर, नाहीतर रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल. ऊस हंगामात आपल्या रस्त्यांवर हा कठडा म्हणजे ट्रॉलीमागचा रिफ्लेक्टर. तुमचा ऊस ज्या ट्रॉलीत भरला जातो तिचा मागचा रिफ्लेक्टर चिखलानं किंवा वाढ्यानं झाकला आहे का, हे भरून झाल्यावर बघणं हे तुमचं काम आहे, ट्रॅक्टर दुसऱ्याचा असला तरी. विहिरीचं तोंड, दुकानातली थप्पीची उंची, पाण्याच्या टाकीचं झाकण, चुलीपासून रॉकेलचा डबा. एका शनिवारी वही घेऊन फिरा आणि कुठं माणूस पडू शकतो एवढंच लिहा.

शब्बाथाबद्दल, म्हणजे विसाव्याच्या दिवसाबद्दल, तुमच्या दोन्ही गटांना एक ओळ दाखवायची आहे. निर्गम २० मध्ये कारण सृष्टीचं आहे. अनुवाद ५:१४-१५ मध्ये कारण दास्याचं आहे: 'म्हणजे तुझा दास व दासी यांनाही तुझ्यासारखा विसावा मिळेल.' वार कोणता यावर रोमकरांस १४:५ आणि कलस्सैकरांस २:१६ मोकळीक देतात, आणि ख्रिस्ती लोक पुनरुत्थानाचा दिवस म्हणून रविवारी जमतात. शनिवार पाळणाऱ्या बंधूंना तोही पाळू द्या. पण तुम्ही उपासनेला बसला असताना धुणं-भांड्याची बाई तुमच्या घरी राबत असेल, तर वार कोणताही असो, आज्ञा मोडली. तिला आठवड्यातून एक भरपगारी सुट्टी ठरवून द्या. दुकानातल्या पोराला तशीच. रविवारी पाळी असलेल्या नर्सनं दुसरा एक ठरावीक दिवस धरावा. 'जमेल तेव्हा' धरला तर तो कधीच येत नाही. तयारी आदल्या दिवशी, निर्गम १६ मधल्या मान्न्यासारखी (ते अन्न शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट गोळा करायचं होतं): शनिवारी संध्याकाळपर्यंत दळण, इस्त्री, सोमवारच्या मालाची यादी उरकून टाका. निर्गम ३४:२१ नांगरणीच्या आणि कापणीच्या दिवसांतही विसावा घ्यायला सांगतं, म्हणजे 'हंगाम आहे' ही सबब देवानं आधीच ऐकून ठेवली आहे. आपल्याच कोकणातले बेने इस्राएल हे यहुदी लोक तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवत, म्हणून शेजारी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. बंद घाण्यावरून गावानं त्यांना ओळखलं, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

आता रक्ती. रक्त खाऊ नये हे उत्पत्ती ९:४ मध्ये नोहाला सांगितलं, लेवीय १७ मध्ये त्याचं कारण आलं, आणि प्रेषित १५:२९ मध्ये ते परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांनाही सांगितलं गेलं. म्हणून बंद करणाऱ्यांना हसू नका, त्यांच्याकडे वचन आहे. दुसऱ्या बाजूला, यहुदी भावांबरोबर एका पंगतीत बसता यावं हा त्या निर्णयाचा हेतू होता, असं मानून पश्चिमेकडच्या मंडळ्यांनी बिशप ऑगस्टीनच्या काळापर्यंत, इ.स. ४००च्या सुमाराला, तो नियम मागे टाकला होता. पूर्वेकडच्या मंडळ्या तो अजून मानतात. माझा सल्ला: घरात ज्यानं त्यानं आपल्या विवेकाप्रमाणे करावं, आणि मंडळीच्या जेवणात रक्ती ठेवूच नये. तांबडा-पांढरा असला की पंगत अडत नाही, आणि एकही भाऊ उठून जात नाही. गावच्या म्हाईच्या किंवा जत्रेच्या आमंत्रणाला १ करिंथकरांस १०:२५-२८ पुरेसं आहे: पुढ्यात आलेलं चौकशी न करता खा, 'हा नैवेद्य आहे' असं कोणी सांगितलं तर त्या सांगणाऱ्यासाठी नम्रपणे थांबा, आणि आमंत्रणाबद्दल आभार मानून घरी या.

एका गैरवापराबद्दल स्पष्ट बोलायला हवं. 'आज्ञापालन' हा शब्द पुष्कळदा 'पाळकाचं ऐका' या अर्थानं वापरला जातो, मोशेविरुद्ध उठून नाश पावलेल्या कोरहाची गोष्ट सांगून घाबरवलंही जातं. त्याच गणना १६ मध्ये मोशे म्हणतो, मी यांच्यातल्या कोणाचं एक गाढवही घेतलेलं नाही. निर्गम ३८ मध्ये निवासमंडपाच्या अर्पणाचा जाहीर हिशेब आहे: (शेकेल हे वजन, आणि किक्कार म्हणजे ३,००० शेकेल) सोनं २९ किक्कार ७३० शेकेल, चांदी १०० किक्कार १,७७५ शेकेल, आणि ही चांदी ६,०३,५५० पुरुषांच्या अर्ध्या-अर्ध्या शेकेलांशी तंतोतंत जुळते. ज्या मंडळीत आज्ञापालन शिकवलं जातं तिथं वर्षाचा हिशेब भिंतीवर लागला पाहिजे. राजालाही अनुवाद १७:१८-२० नियमशास्त्राची प्रत लिहून रोज वाचायला लावतं, आणि फारोची आज्ञा मोडणाऱ्या शिप्रा व पुवा या सुइणींवर देव प्रसन्न होतो. घरातही तसंच: हट्टी मुलाबद्दलचा अनुवाद २१:१८-२१ हा उतारा मारझोडीला आधार म्हणून वापरू नका. तिथं बापाच्या हातून निवाडा काढून घेतला आहे. आई आणि बाप दोघांनी मिळून वेशीत वडीलजनांपुढे जायचं आहे. मुलांना शिकवायचं ते अनुवाद ६:७ प्रमाणे, घरी बसताना, वाटेनं जाताना, निजताना, उठताना. शाळेला गाडीवरून सोडतानाची पाच मिनिटं त्यासाठी चालतात.

आणि अनुवाद २८ मधले शाप कोणाच्या दारावर चिकटवू नका. २०१९ आणि २०२१ला पंचगंगेचं पाणी ज्यांच्या घरात शिरलं ते इतरांहून मोठे पापी होते, असं म्हणायला लूक १३:४ परवानगी देत नाही. तो अध्याय इस्राएल राष्ट्राशी केलेल्या कराराचा आहे, आणि तो शाप ख्रिस्तानं स्वतःवर घेतला, असं गलतीकरांस ३:१३ सांगतं. पूर आला की तिथं लागू पडणारी आज्ञा अनुवाद १५:८ची आहे, हात सैल सोड, ही.

राहिलं चुकल्यावर काय करायचं ते. नुसतं 'प्रभू, क्षमा कर' म्हणून लेवीय ६:१-७ सोडत नाही. फसवून घेतलेलं पूर्ण परत, वर पाचवा हिस्सा, आणि तेही दोषार्पणाच्या दिवशीच. कडत्यात कोणाचे ५०० रुपये जास्त गेले असतील तर ६०० द्यायचे. लूक १९ मधला जकातदार जक्कय चौपट देतो, ते त्याच्या आनंदाचं माप होतं. तुम्ही किमान पाचवा हिस्सा धरा. मत्तय ५:२३-२४ मध्ये प्रभूनं हाच क्रम ठेवला आहे, म्हणून महिन्यातल्या प्रभुभोजनाच्या आधीचा शनिवार यासाठी राखा: वही उघडा, नावं काढा, पैसे पाकिटात घाला आणि स्वतः नेऊन द्या. देताना 'मागच्या हिशेबात माझ्याकडून चुकलं' एवढंच म्हणा, कारणं सांगत बसू नका. माणूस वारला असेल तर त्याच्या घरच्यांना द्या. घरचंही कोणी सापडत नसेल तर गणना ५:८ वाट दाखवतं: ती रक्कम परमेश्वराची होते. ती तुमच्या नावाची पावती न करता मंडळीतल्या विधवांच्या मदतनिधीत टाका, आणि वहीतल्या त्या नावापुढे तारीख लिहा.